मागच्या रांगेतले शेजारचे काका

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा काम सोपं वाटलं होतं. "तू बी.ए.ला इतिहास घेतला होतास ना? मग आपल्या तीन गावांचा इतिहास लिहून दे. दोन हजार शब्द. आणि रटाळ नको." तेहेतीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्यावर माझ्यात इतिहास कितीसा उरला असणार, असं मी म्हणून पाहिलं. समितीतली मंडळी शाळेत होती तशीच आहेत, त्यांनी ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर तो फोटो आला. दहावीचा निरोप समारंभ, फेब्रुवारी १९८४. खाली कुणीतरी हौसेनं सगळ्यांची नावं टाइप केलेली. मागच्या रांगेत, सरांच्या बाजूला, भर फेब्रुवारीत हातात काळी छत्री घेऊन उभा असलेला उंच माणूस. आणि त्याच्या नावाच्या जागी 'शेजारचे काका'. मग तुमचे धडाधड संदेश. छत्रीवाले काका आठवतात का, त्यांनी मला सायकल शिकवली, त्यांनी आमच्या घरच्या बारशाला बाळाचंच भाषण करून दाखवलं, ते अजून आहेत का?

ते २०१६ साली गेले, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. आणि ते शेजारचे नव्हते. ते काय प्रकरण आहे ते पुढे लिहिते. आधी गावांचा इतिहास, कारण तोही मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच मिळाला. निम्मा चुकीचा मिळाला. मात्र कोणता निम्मा, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

सुरुवात अर्थातच देवळापासून. आठवीत असताना बाईंनी आपल्या अख्ख्या वर्गाला रांगेनं चालवत वालधुनीकाठी शिवमंदिरात नेलं होतं. त्या दिवशी काकांची दुसरी पाळी होती, म्हणून तेही आले. ("एवढी मुलं, मोजायला दोन माणसं हवीत.") देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि शिखर अर्धं राहिलं, ही गोष्ट त्यांनी सभामंडपात अशी रंगवून सांगितली की दोन मुलांनी कोंबड्याचा आवाज काढला. बाई हसल्या आणि म्हणाल्या की शिलालेखावरून हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, इसवी सन १०६० चं आहे. काका म्हणाले, "बरोबर आहे बाई. हजार साठमध्ये बिल पास झालं असेल. काम आधीच झालेलं होतं."

बाईंचं बरोबर होतं. शके ९८२, शिलाहार राजा मुम्मुणी, शिलालेखात त्याला माम्वाणि म्हटलं आहे. पण त्या आकड्याचीही एक गंमत आहे, ती मला बी.ए.च्या वेळी कळली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने तोच शक ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा दुरुस्त केला. एका आकड्यानं देऊळ दोनशे वर्षं तरुण झालं. मी हे धावत येऊन काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दोनशे वर्षांची चूक करून माणूस डॉक्टर राहतो आणि मी हातचा एक विसरलो तर नापास?"

शाळेबद्दल ते असंच बोलत. "फायनलपर्यंत शिकलो. पुढे शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं." फायनल म्हणजे त्या वेळची सातवी. खरी गोष्ट अशी की १९५१ साली आजोबा विषमज्वरानं गेले, घरात आजी, माझे वडील आणि दोन आत्या होत्या, आणि काका पंधरा वर्षांचे होते. वडील मॅट्रिक झाले आणि आयुध कारखान्यात लागले ते काकांच्या पगारावर. हे मला वडिलांनी सांगितलं. काकांकडून कधीच नाही.

आता उल्हासनगर. आपल्यातल्या निम्म्या जणांनी दिवाळीचे कपडे तिथून घेतले आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर आपल्या पिढीला पाठच आहे. काका या विनोदावर हसत नसत. त्यांच्या मते तो विनोद नव्हता, तो पत्ता होता.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आणून ठेवलं. जवळजवळ लाखभर माणसं. ज्यांची तिकडे घरंदारं होती, त्यांच्या वाट्याला लांबलचक बराकीचा एक तुकडा आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावं तेव्हापासूनची, आणि आजही रिक्षावाल्याला तेच नंबर सांगावे लागतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची रीतसर पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून तिचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. "सगळं हरवून आलेल्या माणसांच्या गावाला उल्हास नाव द्यायला मोठा विनोदी माणूस लागतो," असं काका म्हणत. पायाभरणीच्या वेळी आपण पहिल्या रांगेत बसलो होतो, असंही ते सांगत. ही मला सरळ थाप वाटायची.

त्यांचा कॅम्प पाचमधला मित्र मात्र वेगळं सांगायचा. दोघं झाडावर बसले होते. राजाजींचा काळा चष्मा तेवढा दिसला. भाषण ऐकू आलं नाही आणि आलं असतं तरी दोघांनाही कळलं नसतं.

हा मित्र काकांना गाडीत भेटला. काका जून महिन्यात बदलापूरची जांभळं द्रोणात घालून गाडीत विकत, आणि हा सिंधी मुलगा गोळ्या विकायचा. डबा एक, गिऱ्हाईक एक. "एकमेकांची भाषा येत नव्हती म्हणून भांडण होऊ शकलं नाही," असं काका सांगत. मग काकांनी त्याला मराठी शिकवायला घेतलं. 'किती देऊ?' याला मराठीत 'किती लुबाडू?' म्हणतात, असं शिकवलं. तो मुलगा डब्यात प्रत्येक बाईसमोर अदबीनं वाकून विचारायचा, "किती लुबाडू, ताई?" डबा हसायचा आणि गोळ्या संपायच्या. त्याला खरा अर्थ कळला तेव्हा तो आठ दिवस काकांशी बोलला नाही. नवव्या दिवशी स्वतःच आला, कारण 'किती देऊ' म्हटल्यावर विक्री निम्म्यावर आली होती. पुढे त्यानं कॅम्प पाचमध्ये कापडाचं दुकान काढलं. मी तिथे लहानपणी कितीदा गेले आहे. सिंधी घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात, तसा दुकानातसुद्धा पापड यायचा आणि शेठ कात्री हातात घेऊन विचारायचे, "बोल बेटी, किती लुबाडू?"

काडेपेटीच्या कारखान्याबद्दल मी काय लिहू? अंबरनाथमध्ये वाढलेल्या कुणालाही विमको म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आजोबा तिथे होते आणि १९५४ साली अठरावं लागल्यावर काकाही तिथेच लागले. "आमच्या घरात काड्या करायचा पगार फक्त मला मिळतो, बाकीचे फुकट करतात," हे त्यांचं वाक्य तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं असेल. काडीचं लाकूड मऊ लागतं, सावरीसारखं. आधी ते मेणात भिजवायचं, मग टोकाला गुल. पेटवणारा लाल फॉस्फरस काडीत नसतोच, तो पेटीच्या कडेला असतो. हे त्यांनी मला विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या रात्री शिकवलं, ते असं: "नवराबायकोसारखं आहे. दोघं वेगवेगळी गुणी असतात. घासल्याशिवाय पेटत नाही." पेपरात मी एवढंच लिहायचं बाकी ठेवलं होतं. पेटीतल्या काड्या मोजून ते कधीकधी म्हणत, "दोन कमी आहेत. त्या सरकार घेऊन गेलं." काडेपेटीवर १९३४ पासून अबकारी कर होता, त्याचा हा हिशेब.

पण त्यांची सगळ्यात मोठी थाप वेगळी होती. ते म्हणत, "आमचा पहिला मालक इतका मोठा होता की त्यानं फ्रान्स सरकारला उसने पैसे दिले होते. जगातल्या अर्ध्याअधिक काड्या त्याच्या. शेवटी पॅरिसमध्ये स्वतःला गोळी घालून घेतली." काडेपेटीवाला, आणि फ्रान्सला उसने! यावर आम्ही घरातले सगळे हसायचो. आजी तर म्हणायची, "याला आधी वाण्याची उधारी फेडायला सांगा."

काही वर्षांपूर्वी मी हे सहज शोधून पाहिलं. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२० च्या दशकात स्वीडनच्या काडेपेटी उद्योगानं हिंदुस्थानात उभी केलेली. त्या उद्योगाचा सूत्रधार इव्हार क्रूगर. त्यानं काड्यांच्या मक्तेदारीच्या बदल्यात एकेका देशाला कर्जं दिली. १९२७ मध्ये फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर. मार्च १९३२ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडली, आणि नंतर त्याचे हिशेब खोटे निघाले. सगळं खरं होतं. आजोबांनी कारखान्यात ऐकलेलं मुलाला सांगितलं, मुलानं आम्हाला सांगितलं, आणि सांगणारा विनोदी म्हणून आम्ही ते थाप समजलो. पांडवांची गोष्ट मात्र निमूट ऐकली होती.

हे कळलं तेव्हा काका नव्हते. कुणाला सांगायला जाऊ?

आता ते शेजारपण. १९८२ ची दिवाळी झाल्यावर पालकसभा होती, आपण नववीत. वडिलांची पाळी होती, आईला ताप. म्हणून काका आले. थेट कारखान्यातून, खाकी कपड्यांत, हातात छत्री. मुख्याध्यापकांनी पालकांना सूचना विचारल्या. कुणी म्हणालं गृहपाठ वाढवा, कुणी म्हणालं शिस्त वाढवा. काका उभे राहिले. "गृहपाठ जरूर द्या, पण मोठ्यांना झेपेल एवढाच द्या. गेल्या आठवड्यात मला गणितात दहापैकी तीन मिळाले. आणि बाईंनी वर्गात उभं केलं पोरीला. उभं मला करायला पाहिजे होतं."

सगळा हॉल हसला. सर हसले, गणिताच्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसले नाही. मला वाटलं, ही माणसं त्यांच्या कपड्यांना हसताहेत, बोलण्याला हसताहेत, मला हसताहेत. बाहेर व्हरांड्यात तुमच्यापैकीच एकीनं विचारलं, "ए, कसले भारी आहेत गं! कोण तुझे?" आणि मी म्हणाले, "कोणी नाही. शेजारचे काका आहेत."

ते माझ्या मागेच होते. माझी वही परत द्यायला आले होते.

त्यांनी छत्री डाव्या हातात घेतली, उजवा हात कपाळाला लावून तिला सलाम केला आणि म्हणाले, "होय बाळ, शेजारचाच. भिंतीला भिंत लागून आहे. हिच्या घरातली फोडणी आधी मला कळते." ती खूप हसली. घरी जाताना रस्ताभर ते नेहमीसारखे बोलत होते. मी मनाची समजूत घातली की त्यांना काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून ते तुमच्यासाठी शेजारचे काका झाले. तुमच्या घरी आले तेव्हा, सहलीला आले तेव्हा, निरोप समारंभाला आले तेव्हा. कुणी नाव विचारलं की, "नाव काय करायचंय, शेजारचे काका म्हणा." १९९१ मध्ये माझ्या लग्नात तुमची पंगत बसली, तेव्हा आग्रह करकरून जिलेबी वाढणारे तेच. तिथेही माझ्यासमोर त्यांनी तुम्हाला सांगितलं, "शेजारच्यांनी वाढलेलं नाही म्हणायचं नसतं." घरच्यांना तो त्यांचा एक विनोद वाटे. काकू तर एकदा म्हणाल्या, "हे शेजारचे तर मी कुणाची?" तो कुठून आला हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. चौतीस वर्षांत मी एकदाही विषय काढला नाही. काढायचा म्हटलं की ते काहीतरी बोलत, मी हसत असे आणि ते राहून जाई.

१९९४ ला निवृत्त झाल्यावर काका-काकू बदलापूरला पूर्वेला राहायला गेले. बदलापूरचा इतिहास मी थोडक्यात आटोपते, कारण काकांनी तो एका वाक्यात आटोपला होता: "इथे शिवाजी महाराजांचे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. आता इथे माणसं गाड्या बदलतात." घोड्यांची कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. तिला कागद नाही, पण मला ती आवडते. कागद आहे तो रेल्वेचा. कल्याणपर्यंत गाडी १८५४ मध्ये आली आणि १८५६ मध्ये ती अंबरनाथ, बदलापूरवरून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. आपली तिन्ही गावं त्या रुळांना धरूनच वाढली. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथची मंडळी बदलापूरपर्यंत उलटी जातात, तसे काकाही निवृत्तीनंतर उगाचच एखाद्या दिवशी जात-येत. "कामावर जायचं नसताना खिडकी मिळवण्यात जे सुख आहे ते पेन्शनीत नाही."

२६ जुलै २००५ ची रात्र आपल्या भागात कुणी विसरणार नाही. उल्हास नदी वस्तीत शिरली. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे तळमजल्याची चार बिऱ्हाडं त्यांच्या दोन खोल्यांत. वीज नाही, फोन नाही, लहान मुलांना दूध तापवून द्यायचं, तर घरातल्या सगळ्या काडेपेट्या दमट. काका एकेक काडी घासत होते आणि गुल गळून पडत होता. "चाळीस वर्षं मी हेच केलं," ते अंधारात म्हणाले, "आणि आज माझीच माणसं मला ओळख देत नाहीत." काकू सांगतात, रडणारी मुलंसुद्धा हसली. मी मुलुंडच्या घरी तीन दिवसांनी हे ऐकलं आणि हसले नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. शेवटचे चार-पाच दिवस बोलणं जवळजवळ बंद होतं. रात्री मी थांबले होते. पाळी बदलल्यावर नवी सिस्टर आली, हातात कागद. "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी म्हणाले, "पुतणी. सख्खी पुतणी." काकांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले. सिस्टर वाकली. "काय म्हणताहेत?" मी ऐकलं होतं, पण तिला सांगितलं नाही. ते म्हणाले होते, "शेजारची."

ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं की नव्हतं, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर मी कॅम्प पाचला गेले. शेठ आता दुकानात नुसते बसत, गल्ला मुलाकडे. पाणी आलं, पापड आला. मी त्यांना व्हरांड्यातली गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "मालूम है. त्या दिवशी तो इथे आला होता." तुला घरी सोडून काका संध्याकाळी परत चालत दुकानात आले होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. चहा घेतला. तासभर एक शब्द बोलले नाहीत. "पस्तीस साल की दोस्ती, पहिल्यांदा एवढा गप्प. मला वाटलं, घरात कुणी गेलं. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा उठला, छत्री घेतली आणि म्हणाला, आजपासून मी शेजारी आहे, तू पण लक्षात ठेव. आणि मग हसला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला." शेठ थोडा वेळ थांबले. "गुस्सा नव्हता हां बेटी. पण लागलं होतं."

मी पापड संपवला. निघताना त्यांनी काही लुबाडलं नाही, उलट काकूंसाठी एक शाल दिली.

तेव्हा समितीला विनंती अशी. स्मरणिकेत तो फोटो छापणार असालच. मागच्या रांगेत, सरांच्या बाजूला, छत्री घेतलेले, यांच्यापुढे 'शेजारचे काका' असं आहे ते तसंच ठेवा, कारण तुम्ही त्यांना त्याच नावानं ओळखता आणि ते नाव त्यांनी स्वतः घेतलं होतं. फक्त कंसात माझं नाव घाला, आणि त्यापुढे 'हिचे सख्खे चुलते' असं लिहा. जागा कमी पडत असेल तर माझ्या लेखातल्या रेल्वेच्या दोन ओळी काढा. छत्री माझ्याकडे आहे, मेळाव्याला घेऊन येते.